मेणबत्तीला चावी नसते

एका तालुक्याच्या गावी भरलेल्या शालेय प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला आला. विज्ञानाच्या प्रतिकृतींच्या शेजारी कार्यानुभवाच्या वस्तूही मांडल्या होत्या. एका लांब टेबलावर मुलांनी केलेल्या मेणबत्त्या ओळीने उभ्या होत्या. लाल, निळ्या, दोनरंगी, पिळाच्या, कमळाच्या आकाराच्या, काचेच्या पेल्यात ओतलेल्या. आमच्या हातातल्या गुणपत्रिकेत चार रकाने होते: सुबकपणा, रंगसंगती, नावीन्य आणि टाकाऊ वस्तूंचा वापर. मेणबत्ती जळते कशी, यासाठी रकाना नव्हता. आम्ही काडेपेटी मागितली तेव्हा संयोजक शिक्षक गोंधळले. म्हणाले, "पेटवायच्या? मग त्या खराब होतील की, सर!"

तरीही मुलांची परवानगी घेऊन आम्ही सहा मेणबत्त्या पेटवल्या. कमळाची ज्योत काही मिनिटांतच स्वतःच्याच वितळलेल्या मेणात बुडून विझली. पिळाची मेणबत्ती एका बाजूने ओघळू लागली. पेल्यातली चांगली मोठ्या ज्योतीने पेटली, पण काचेच्या काठावर काळा थर धरू लागली. पेला फार तापतो आहे असे पाहून आम्हीच ती फुंकली. टेबलाच्या कडेला एक पांढरी, जरा वाकडी मेणबत्ती होती. ती मात्र शांतपणे जळत राहिली. थोडीशी काजळी तीही सोडत होती. ती करणारी सातवीतली मुलगी म्हणाली, "आधी एकच दोरा घातला होता, तो विझायचा. मग तीन-तीन दोऱ्यांची वेणी घातली. आता थोडी जास्त झालीय. पुढच्या वेळी दोन-दोनची घालीन."

संपूर्ण प्रदर्शनात आम्ही ऐकलेले सर्वांत शास्त्रीय वाक्य हे होते. पण चारांपैकी एकाही रकान्यात ते बसत नव्हते. बक्षीस कमळाला मिळाले, आणि त्या गुणपत्रिकेवर आम्हीही सही केली, हे कबूल करायला हवे. हा लेख त्या सहीचे प्रायश्चित्त म्हणून लिहीत आहोत.

पुस्तिका काय सांगतात?

परत आल्यावर मेणबत्ती घरी कशी करावी हे सांगणाऱ्या ज्या पुस्तिका व हस्तपत्रके मिळाली, ती आम्ही जमवून वाचली. त्यांचा साचा ठरलेला आहे. मेण वितळवा, साच्याला तेलाचा हात लावा, मधोमध दोरा ताणून बांधा, मेण ओता, गार झाल्यावर काढा. मेणाविषयी एक परिच्छेद, साच्याविषयी एक, रंग आणि सुगंधाविषयी दोन. वातीविषयी अर्धे वाक्य. तेही बहुधा एवढेच की दोरा सुती व जाडसर असावा. जाडसर म्हणजे किती, आणि कशाच्या मानाने, याचा उल्लेख नाही.

काही पुस्तिका याहून बऱ्या आहेत. त्यांत कोष्टक दिलेले असते: मेणबत्तीचा व्यास इतका असेल तर वात अमुक क्रमांकाची. हे कोष्टक करणाऱ्याने प्रयोग केलेले असतात, यात शंका नाही. परंतु प्रयोग त्याने केले, आणि वाचणाऱ्याच्या हाती फक्त उत्तर आले. शिवाय ते उत्तर त्याच्या मेणाचे, त्याच्या वातीचे आणि त्याच्या साच्याचे असते. वातींच्या क्रमांकांची पद्धत सगळीकडे एक नसते. एका कारखान्याचा क्रमांक दुसऱ्याच्या क्रमांकाशी जुळेलच असे नाही.

आमचा आक्षेप पुस्तिका सोप्या आहेत यावर नाही. दहा वर्षांच्या मुलाला सोपी कृतीच द्यायला हवी. आक्षेप असा की मेणबत्तीच्या सर्व कृतीत जिथे खरोखर विचार करावा लागतो, नेमकी तीच जागा गाळली गेली आहे. मेण वितळवणे आणि ओतणे हे हाताचे काम आहे. वात निवडणे हे विज्ञान आहे.

कंदील आणि मेणबत्ती

आपल्या घरातल्या जुन्या दिव्यांकडे पाहिले तर हे लवकर लक्षात येईल. समईची वात मंदावली की आपण ती पुढे सारतो. कंदील भडकला की चावी फिरवून वात खाली घेतो. या दिव्यांत वात किती उघडी ठेवायची हे दिवा जळत असताना ठरवता येते. चूक झाली तर दुरुस्त करता येते.

मेणबत्तीला मात्र चावी नसते. तिची वात मेणात गाडलेली असते. किती मेण वर जावे, ज्योत केवढी व्हावी, हे मेण ओतण्यापूर्वीच, दोरा निवडताना ठरून गेलेले असते. मग ती चार तास जळो की आठ, तो निर्णय बदलत नाही. ज्योतीचे सर्व नियंत्रण आधीच, एकदाच करून ठेवायचे असल्यामुळे ही निवड इतकी महत्त्वाची ठरते.

वात नेमके काय करते ते थोडक्यात पाहू. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते व त्याचे लहानसे तळे होते. केशाकर्षणाने हे द्रव मेण वातीच्या धाग्यांमधून वर चढते. वातीच्या उघड्या टोकाशी त्याची वाफ होते, आणि ही वाफ हवेशी मिसळून जळते. जळते ते मेण, वात नव्हे. वात म्हणजे मेणाला ज्योतीपर्यंत नेणारा रस्ता आणि त्याची वाफ होण्यासाठी मिळालेला पृष्ठभाग.

आता एक हिशेब करून पाहावा. वर्गातही तो करता येईल. साधी घरगुती मेणबत्ती ताशी सुमारे ७ ग्रॅम मेण जाळते असे धरू. एक ग्रॅम पॅराफिन मेण जळताना सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता देते. म्हणजे ताशी ३०० किलोज्यूल, वॅटमध्ये सांगायचे तर ८० वॅटच्या आसपास. उलट एक ग्रॅम मेण खोलीच्या तापमानापासून तापवून वितळवायला, अप्रकट उष्मा धरूनही, साधारण पाव किलोज्यूलच लागतो. म्हणजे ७ ग्रॅमला दोन किलोज्यूलसुद्धा नाही. ज्योतीपाशी असलेल्या उष्णतेचा हा शेकडा एक भागही होत नाही.

मग बारीक वातीच्या मेणबत्तीच्या कडेचे मेण का वितळत नाही? कारण उष्णता कमी आहे म्हणून नव्हे, तर बहुतेक उष्णता तापलेल्या वायूंबरोबर वर निघून जाते म्हणून. खालच्या मेणाच्या वाट्याला येतो तो प्रारणाचा आणि वहनाचा छोटासा हिस्सा. तो किती दूर पोहोचेल हे ज्योत केवढी आहे यावर ठरते, आणि ज्योत केवढी हे वातीवर.

वात बारीक असेल तर ज्योत लहान राहते, मधोमध विहिरीसारखा खड्डा पडतो आणि कडेचे मेण तसेच उभे राहते. खड्ड्यात जेवढे मेण वितळते तेवढे वात उचलू शकत नाही. मग तळे चढते, वात बुडते आणि ज्योत विझते. प्रदर्शनातल्या कमळाचे असेच झाले. वात जाड असेल तर इतकी वाफ तयार होते की तिला पुरेशी हवा मिळत नाही. न जळलेले कार्बनचे कण ज्योतीच्या टोकातून काजळी होऊन बाहेर पडतात. कडाही वितळते आणि मेण ओघळते. म्हणजे वात बारीक असो की जाड, मेण वायाच जाते. एकीकडे ते न जळता उरते, दुसरीकडे ओघळून जाते.

या दोन टोकांच्या मध्ये एक गंमत आहे, आणि ती पुस्तिकांत कुठेही सापडली नाही. तळे थोडे चढले की वातीचा उघडा भाग कमी होतो, ज्योत किंचित लहान होते आणि मेण वितळण्याचा वेग मंदावतो. वात तळे पुन्हा उपसते. तळे उतरले की याच्या उलट घडते. म्हणजे मेणबत्ती स्वतःला थोडेफार सावरून घेऊ शकते. म्हणून 'योग्य वात' म्हणजे एकच अचूक जाडी नव्हे. तो एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात मेणबत्ती स्वतःला सावरते. तो शोधायला सूक्ष्म मोजमापाची गरज नाही. शाळेत तो सहज सापडू शकतो.

पीळ की वेणी?

जाडीइतकाच वातीच्या विणीचाही प्रश्न आहे. बहुतेक पत्रके दोऱ्याला पीळ द्यायला सांगतात. पीळ दिलेली वात ज्योतीच्या मध्यभागी ताठ उभी राहते. ज्योतीच्या आत मेणाची वाफ असते, पण ऑक्सिजन जवळजवळ नसतो. त्यामुळे वातीचे टोक जळून जात नाही. मेण खाली जाते तशी वात लांब होत जाते, टोकाला कार्बनचा गूल धरतो आणि ज्योत धुरकट होते. जुन्या काळी हा गूल वारंवार कापावा लागे. त्यासाठी खास कात्री असे. तिला आपल्याकडे गुलतराश म्हणत.

१८२५ साली फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. अशी वात जळताना एका बाजूला वाकते. तिचे टोक ज्योतीच्या कडेला येते, तेथे ऑक्सिजन मिळतो आणि टोक आपोआप जळून जाते. गुलतराशाची गरज संपली. शेव्हरल यांच्या चरबीवरील संशोधनातून निघालेले स्टिअरिक आम्ल याच सुमारास मेणबत्तीसाठी वापरात येऊ लागले. मेणबत्तीची सुधारणा म्हटली की स्टिअरिक आम्लाचा उल्लेख हमखास होतो. वेणीचा क्वचितच होतो. आणि वेणी घालणे तर वर्गातल्या निम्म्या मुलींना आधीच येते.

कोष्टक कुठे चुकते?

पुन्हा कोष्टकाकडे वळू. व्यासावरून वात, हा नियम अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ताशी ७ ग्रॅम मेण म्हणजे सुमारे ७.८ घनसेंमी. मेणबत्तीचा व्यास २ सेंमी. असेल तर ती तासाला अडीच सेंमी. उतरेल. व्यास ४ सेंमी. केला तर क्षेत्रफळ चौपट होते, आणि त्याच वातीने ती तासाला जेमतेम ६ मिलिमीटर उतरेल. व्यास ८ सेंमी. केला तर दीड मिलिमीटर, तेही सगळे मेण वितळले तर. प्रत्यक्षात ते वितळणारच नाही. मध्ये विहीर पडेल. व्यास दुप्पट झाला की वातही दुप्पट जाड करावी, असे यातून निघत नाही. वातीचे दोरे दुप्पट केले तर वातीचा व्यास दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो. मुले येथे हमखास अडखळतात. गणिताच्या तासाला हा प्रश्न द्यावा.

शिवाय त्याच व्यासात मेण बदलले की उत्तर बदलते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. बाजारातले पॅराफिन बरेचदा त्याच्या खाली. म्हणून मधमाश्यांच्या मेणाला साधारणपणे जास्त जाड वात लागते. मेणात स्टिअरिक आम्ल मिसळले, सुगंधी तेल घातले, तर पुन्हा बदल होतो. रंगासाठी मेणखडूचे तुकडे घाला असा सल्ला अनेक पत्रकांत आहे. मेणखडूतला रंग मेणात विरघळत नाही. त्याचे बारीक कण वातीच्या धाग्यांमध्ये अडकून रस्ता बंद करतात. वात अगदी योग्य निवडली तरी रंगीत मेणबत्ती मंदावते आणि मूल गोंधळते. मेणात विरघळणारा रंग वापरणे हाच उपाय.

पेल्यातल्या मेणबत्तीचे गणित आणखी वेगळे. तेथे हवा फक्त वरून येते, काच उष्णता धरून ठेवते आणि तळ्याला कडेचा बांध लागत नाही. उघड्या मेणबत्तीची वात तेथे जशीच्या तशी चालेल असे नाही. पेल्यात वात जाड झाली तर प्रश्न केवळ काजळीचा राहत नाही. काच तडकू शकते. दिवाळीत भेट म्हणून असे पेले हौसेने केले जातात. त्यांच्या कृतीत वातीवर अर्धे वाक्य असणे आम्हाला धोक्याचे वाटते.

धोक्याचीच आणखी एक गोष्ट. वात ताठ राहावी म्हणून तिच्यात धातूची तार घालण्याची कल्पना कोणाला सुचते. शिसे असलेली तार कदापि घालू नये, झाळण्याची तारही नव्हे. ती तापली की शिसे हवेत जाते. अशा वातींवर अमेरिकेत २००३ साली बंदी आली. सुती वात वितळलेल्या मेणात बुडवून, ताणून गार केली की पुरेशी ताठ होते, आणि तिच्यातली हवाही निघून जाते.

मग वात मोजायची कशाने? मिलिमीटरने नव्हे, तर ताशी किती ग्रॅम मेण जळते यावरून. ही कल्पना नवी नाही. १८६० साली इंग्लंडमध्ये गॅसच्या दिव्यांचा उजेड मोजण्यासाठी कायद्याने एक प्रमाण मेणबत्ती ठरवली गेली. ती देवमाशाच्या डोक्यातल्या मेणाची, एक षष्ठांश पौंड वजनाची आणि ताशी १२० ग्रेन, म्हणजे सुमारे ७.८ ग्रॅम, जळणारी असावी अशी अट होती. जळण्याचा वेग हा व्याख्येचाच भाग होता. पुढे जर्मनीत हेफनर यांच्या दिव्यात ज्योतीची उंची ४० मिलिमीटर ठरवून दिली गेली. वात वर-खाली करून ती साधायची. प्रमाण ठरवणाऱ्यांनाही शेवटी चावी असलेला दिवा जवळ करावा लागला, यावरून वातीचा निर्णय किती नाजूक असतो हे दिसते.

फॅरेडेंच्या पुस्तकाविषयी

मेणबत्ती आणि शिक्षक यांच्याविषयी लिहिताना मायकेल फॅरेडे यांच्या मेणबत्तीवरील व्याख्यानांना वगळता येत नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात त्यांनी मुलांसमोर ही सहा व्याख्याने दिली. विल्यम क्रुक्स यांनी ती संपादित केली आणि १८६१ साली पुस्तक निघाले. विज्ञानशिक्षकाने वाचलेच पाहिजे असे हे पुस्तक आहे. मेणबत्तीच्या माथ्यावर वाटी कशी तयार होते, वर चढणारी हवा बाहेरची कड कशी गार ठेवते, द्रव मेण वातीतून कसे चढते, हे त्यांनी पहिल्याच व्याख्यानात उलगडले आहे. एवढ्या साध्या वस्तूतून इतके विज्ञान काढणारा दुसरा शिक्षक आम्हाला माहीत नाही.

नक्षीदार मेणबत्त्यांविषयी तर ते आमच्या प्रदर्शनाचे परीक्षक असावेत असे बोलतात. खाचा पाडलेल्या, शोभेच्या मेणबत्त्यांची वाटी नीट होत नाही, हवेचा झोत सारखा लागत नाही, म्हणून त्या ओघळतात, हे ते दाखवतात. दिसायला उत्तम ते नव्हे, तर काम उत्तम करते ते आपल्या उपयोगाचे, हा त्याचा निष्कर्ष. शेवटच्या व्याख्यानात ते जपानी मेणबत्त्या दाखवतात. त्यांची वात पोकळ असते. पोकळ वातीत आतूनही हवा येते, त्यामुळे वात जाड असूनही ज्योतीला हवा मिळते. आर्गां यांच्या तेलाच्या दिव्यात हेच तत्त्व आहे. आमच्या विषयाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आणि तरीही या पुस्तकाविषयी आमची एक तक्रार आहे. फॅरेडेंच्या हातात येते ती बहुतेक वेळा तयार, उत्तम जळणारी मेणबत्ती. तिची वात कोणीतरी कुशल कारागिराने आधीच निवडलेली आहे. मेणबत्त्या कशा करतात हे ते सांगतात, पण वात किती जाड असावी आणि ते कसे ठरवावे, हा प्रश्न ते विस्ताराने हाताळत नाहीत. बिघडलेल्या मेणबत्त्या येतात त्या समजावून सांगण्यासाठी. श्रोत्याने त्या दुरुस्त कराव्यात म्हणून नव्हे. त्यांचा हेतू वेगळा होता, आणि सहा व्याख्यानांत त्यांना ज्वलनापासून श्वसनापर्यंत जायचे होते. तेव्हा हा त्यांचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल.

दोष आमचा आहे. आम्ही शिक्षक आणि संशोधक मंडळी हे पुस्तक वाचून मेणबत्ती 'समजावून सांगण्याची' वस्तू मानू लागलो. विज्ञानाच्या तासाला विकतची मेणबत्ती पेटवून फॅरेडे सांगायचे, आणि कार्यानुभवाच्या तासाला पत्रक वाचून मेण ओतायचे. एका तासाला समजणे, दुसऱ्याला करणे. वातीची निवड या दोन तासांच्या मधल्या सुट्टीत हरवून गेली आहे. त्या सातवीतल्या मुलीने ती सुट्टी आपल्या स्वयंपाकघरात भरून काढली, एवढेच.

वर्गात काय करता येईल?

टीका करणाऱ्याने पर्यायही द्यावा. आम्ही सुचवतो तो प्रयोग फारसा खर्चाचा नाही.

एकाच मापाचे चार साचे आणि एकच पांढरे मेण घ्यावे. एकाच रिळाच्या सुती दोऱ्याच्या चार वाती कराव्यात. प्रत्येकीची तीन पदरी घट्ट वेणी. पदरात अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार दोरे. म्हणजे तीन, सहा, नऊ आणि बारा दोऱ्यांच्या वाती. चारही मेणात बुडवून घ्याव्यात. मेण थेट जाळावर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून शिक्षकांनी स्वतः वितळवावे. मेणाला आग लागली तर पाणी टाकायचे नाही, झाकण ठेवायचे, हे आधी सांगून ठेवावे. ओतलेल्या मेणबत्त्या एक दिवस तशाच राहू द्याव्यात.

दुसऱ्या दिवशी उघडी वात सुमारे ६ मिलिमीटर ठेवून चारही मेणबत्त्यांची वजने करावीत, आणि वारा नसलेल्या जागी त्या एकदम पेटवाव्यात. अर्ध्या तासाने विझवून पुन्हा वजन करावे. दर वेळी पाच गोष्टी लिहाव्यात: किती ग्रॅम जळाले, तळ्याचा व्यास किती, मेण ओघळले का, वातीचे टोक वाकले की ताठ राहिले, आणि ज्योतीच्या वर क्षणभर धरलेल्या पांढऱ्या बशीवर काजळी धरली का. मग दोऱ्यांची संख्या आणि ताशी ग्रॅम यांचा आलेख काढावा.

उभ्या मेणबत्तीचे तळे कडेच्या जवळ पोहोचावे, पण कडेचा पातळ बांध टिकावा. वात बुडत असेल तर एक पायरी जाड करा, काजळी किंवा ओघळ असेल तर एक पायरी बारीक करा. नियम एवढाच. मेणबत्ती जाड असेल तर निकाल देण्याची घाई करू नये. मेणबत्ती करणारे लोक साधारण अडीच सेंमी. व्यासामागे एक तास थांबतात. चारपैकी एकही वात बरोबर ठरली नाही तरी प्रयोग फसला असे नाही. पुढची वात कोणत्या दिशेने शोधायची ते कळले. मग मेणात दशांश भाग स्टिअरिक आम्ल घालून पाहावे, किंवा साचा बदलावा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मुलांना हे वाक्य फळ्यावर लिहून देण्यापेक्षा, दोन गोष्टी एकदम बदलून गोंधळ उडालेला त्यांना एकदा पाहू द्यावा.

यावर कोणी म्हणेल, तासिका पंचेचाळीस मिनिटांची आणि मुले साठ. अडचण खरी आहे. चार मेणबत्त्या सर्व वर्गात मिळून केल्या, वजनाचे काम एका गटाकडे व नोंदींचे दुसऱ्याकडे दिले, आणि काम आठवडाभर पसरले तर ते जमते. शिवाय हे काम केवळ शाळेपुरते नाही. गावोगावच्या बचत गटांतल्या बायका मेणबत्त्या करून विकतात. ज्याच्या घरी मेणबत्ती अर्ध्यात विझते तो पुढच्या वेळी दुसरीकडून घेतो. वातीचा हा हिशेब शिकलेले मूल आपल्या आईला काहीतरी उपयोगाचे सांगू शकेल. किंवा आईकडून शिकेल, कारण समईची वात किती पदरी करायची हे ज्ञान घरात पूर्वीपासून आहेच.

शेवटी पुन्हा त्या प्रदर्शनाकडे. ज्या शाळा व ज्या समित्या अशी प्रदर्शने भरवतात त्यांना आमची विनंती लहानशी आहे. गुणपत्रिकेत पाचवा रकाना घाला: जळते कशी. सहावा घालता आला तर उत्तमच: पुढच्या वेळी काय बदलाल. टेबलावर काडेपेटी ठेवा आणि टेबलाखाली वाळूची बादली. मेणबत्त्या पेटवल्याने खराब होतील ही काळजी करू नका, त्या पेटवण्यासाठीच केलेल्या आहेत. आम्हाला पुन्हा परीक्षक म्हणून बोलावले, तर हा रकाना असल्याशिवाय आम्ही सही करणार नाही.